बॅरल-प्रूफ बर्बन : आस्वाद आणि पारख

निम्म्याहून अधिक मका असलेल्या धान्याच्या आंबवलेल्या मिश्रणापासून ऊर्ध्वपातनाने काढलेली आणि आतून जाळलेल्या कोऱ्या ओक पिंपात मुरवलेली अमेरिकन व्हिस्की म्हणजे बर्बन. पिंपातून निघाली तशीच, पाणी न घालता बाटलीत भरली की ती बॅरल-प्रूफ बर्बन. तिच्यात बहुधा ५५ ते ६५ टक्के अल्कोहोल असते. क्वचित हे प्रमाण ७० टक्क्यांच्याही वर जाते. इतके तीव्र मद्य प्रवासी विमानात नेता येत नाही, म्हणून अशा बाटलीला अमेरिकेतले शौकीन ‘हॅझमॅट’, म्हणजे धोकादायक माल, म्हणतात. १९८८ मध्ये जिम बीम घराण्यातल्या बुकर नो यांनी स्वतःच्या नावाने पाणी न घातलेली बर्बन बाटलीत भरली आणि या प्रकाराला नवी प्रतिष्ठा मिळाली. पुढे छोट्या, स्वतंत्र डिस्टिलऱ्यांनीही ती वाट धरली.

प्रूफचा आकडा वाचताना मराठी वाचकाची फसगत होऊ शकते. अमेरिकेत प्रूफ म्हणजे अल्कोहोलच्या टक्केवारीची दुप्पट. १२० प्रूफ म्हणजे ६० टक्के. आपल्याकडे रूढ असलेले ७५ अंश प्रूफ हे जुन्या ब्रिटिश मापाचे, ते ४२.८ टक्के भरते. त्यामुळे ६० टक्क्यांच्या बर्बनचा ३० मिलिचा लहान पेग हा इथल्या नेहमीच्या व्हिस्कीच्या ४२ मिलिइतका होतो. हा हिशोब ग्लास भरण्याआधीच डोक्यात असावा.

अमेरिकी कायद्यानुसार बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका लागतो. ऊर्ध्वपातन ८० टक्के अल्कोहोलच्या पुढे नेता येत नाही, पिंपात भरताना प्रमाण ६२.५ टक्क्यांहून जास्त चालत नाही आणि रंग किंवा स्वाद वरून घालता येत नाही. मग भरताना ६२.५ टक्के असलेले मद्य ७० वर कसे पोहोचते? केंटकी राज्यातल्या उंच गोदामांच्या वरच्या मजल्यांवर हवा तापते आणि कोरडी होते. तिथे लाकडातून अल्कोहोलपेक्षा पाणी लवकर उडून जाते आणि उरलेले मद्य तीव्र होत जाते. खालच्या थंड, दमट मजल्यावर याच्या उलटही घडते. बाटलीवरचा मोठा आकडा असा बऱ्याचदा गोदामाच्या मजल्याची खूण असतो. तो गुणवत्तेचा दाखला मानणे ही नवख्यांची सर्वांत सामान्य चूक आहे.

‘क्राफ्ट’ या शब्दाला कायद्यात व्याख्या नाही, त्यामुळे पारख लेबलापासूनच सुरू होते. मद्य स्वतः गाळले आहे की फक्त बाटलीत भरले आहे, हे पाहावे. इंडियाना राज्यातल्या लॉरेन्सबर्ग येथील मोठ्या डिस्टिलरीचे मद्य अनेक कंपन्या आपापल्या नावाने विकतात. त्यात गैर काही नाही, मद्यही पुष्कळदा उत्तम असते. पण त्या चवीचे श्रेय कोणाचे, हे परीक्षकाला ठाऊक असायला हवे. ‘स्ट्रेट’ बर्बन किमान दोन वर्षे मुरलेली असते आणि चार वर्षांच्या आतली असेल तर वय छापावेच लागते.

छोट्या डिस्टिलरीला वाट पाहणे परवडत नाही, म्हणून काहींनी लहान पिंपे वापरली. न्यूयॉर्क राज्यातल्या टटहिलटाउन डिस्टिलरीची हडसन बर्बन अशाच पिंपांमुळे ओळखली गेली. लहान पिंपात मद्याला लाकूड जास्त भिडते, रंग आणि तुरटपणा झटपट उतरतो. मात्र हवेच्या संथ संपर्काने येणारा मऊपणा केवळ काळच देतो. कच्च्या मक्याचा वास आणि लाकडाच्या भुशाची चव एकाच घोटात आली, तर हीच घाई झालेली असते. डॅनव्हिल, केंटकीच्या वाइल्डरनेस ट्रेल या डिस्टिलरीने वेगळा मार्ग घेतला : पिंपात भरतानाच तीव्रता कायद्याच्या मर्यादेपेक्षा बरीच कमी ठेवली. घट्ट, गोडसर चवीसाठी ही पद्धत मला अधिक मोलाची वाटते.

चाखण्यासाठी तोंडाशी निमुळता, पोटाशी फुगीर ग्लास घ्यावा, त्यात १५ मिलि ओतून दहा मिनिटे तसाच ठेवावा. वाइनसारखा गरगर फिरवू नये. अल्कोहोलचा दर्प उसळतो आणि नाक बधिर होते. ओठ किंचित उघडे ठेवून दुरूनच वास घ्यावा. पहिला घोट थेंबाएवढा, तो फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून. त्यावर मत बनवू नये. अल्कोहोलचा जाळ मिरचीचा तिखटपणा ओळखणाऱ्या त्याच संवेदकातून जाणवतो. त्यामुळे झणझणीत रश्शात तिखटामागचा भाजलेला मसाला ओळखणाऱ्या जिभेला ही परीक्षा परकी नाही. दुसरा घोट तोंडात घोळवून चावल्यासारखा फिरवावा. बुकर नो असेच करत. याला ‘केंटकी च्यू’ म्हणतात.

वासांची भाषा आपल्या स्वयंपाकघरात तयारच आहे. अमेरिकन ओकमधल्या लॅक्टोनचा वास ओल्या खोबऱ्याकडे झुकतो. युजेनॉल लवंगेतही असते आणि ओकमध्येही. लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन येते, तर जाळलेल्या थरातल्या शर्करांतून काकवी, खरपूस गूळ, शेंगदाण्याची चिक्की आठवते. एकदा वापरलेले पिंप पुन्हा बर्बनसाठी चालत नाही, म्हणून ती पिंपे जगभर जातात. गोव्यातल्या पॉल जॉन सिंगल माल्टमधली व्हॅनिलाची छटा अशाच पिंपांतून आलेली आहे. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा भपकारा, आंबूस लोण्याचा वास किंवा जीभ आवळून टाकणारा कडवट तुरटपणा हे मात्र दोष होत.

खरी कसोटी पाण्याची. स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिरूपाने दाखवले, की ग्वायकॉल हा धुरकट वासाचा रेणू सुमारे ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाशी राहतो आणि ५९ टक्क्यांच्या वर द्रवाच्या आत दडतो. ३० मिलि, ६० टक्क्यांची बर्बन ४५ टक्क्यांवर आणायला साधारण १० मिलि पाणी लागते. ते ड्रॉपरने, थांबत थांबत, दर वेळी वास घेत घालावे. चांगली बर्बन पाण्याने उमलते : आधी नुसता गोडवा होता तिथे फळ, मसाला, धान्य वेगवेगळे दिसू लागतात. जाळावरच उभी असलेली बर्बन दहाव्या थेंबालाच विसकटते. पाणी घातल्यावर द्रव गढूळ झाला तर घाबरू नये. थंड करून गाळलेले नसल्याने तेलकट घटक शाबूत राहिल्याचे ते लक्षण आहे.

गुण देताना लेबल झाकलेले असावे आणि एका बैठकीत तीन-चारच नमुने घ्यावेत. व्यावसायिक परीक्षक घोट थुंकून टाकतात. छातीत पसरणारी ऊब, जिला ‘केंटकी हग’ म्हणतात, ती सुखद असते, पण तिला गुण देऊ नयेत. गिळल्यावर मिनिटभराने जिभेवर काय रेंगाळते, ते नोंदवावे. रिकामा ग्लास न धुता रात्रभर ठेवून सकाळी हुंगावा : अल्कोहोल उडून गेलेले असते आणि तळाशी सुकलेल्या थेंबांत लाकूड, गूळ आणि भाजलेल्या मक्याचा वास उरतो.