पडद्यावरची बस कोणत्या सालची?

काही महिन्यांपूर्वी आमच्या लोणारमध्ये एक चित्रफीत मोबाइलवरून घरोघरी फिरत होती. अर्ध्या मिनिटाचा कृष्णधवल तुकडा. धुरळा उडवत एक बस येते, टपावर गाठोडी, मागे शिडी, कंडक्टर दारात लटकलेला. खाली लिहिलेलं : ‘लोणारला आलेली पहिली एसटी, १९४८.’ लोक भारावून गेले. आमच्या नात्यातले एक बुजुर्ग तर म्हणाले, ‘हीच ती गाडी, मी लहानपणी हिच्यातच बसलो होतो.’

मला जुन्या सिनेमांचा नाद आहे आणि त्यातल्या गाड्यांचा त्याहून जास्त. घरी सिनेमा लागला की बाकीचे नायिकेकडे बघतात, मी मागून जाणाऱ्या बसकडे. म्हणून हा तुकडा मी थांबवून थांबवून पाहिला. तो कोणत्या तरी हिंदी सिनेमातून कापलेला होता, हे उघड होतं. कॅमेरा बससोबत वळतो, तसा तेव्हा गावात कोण वळवणार? पण खरा पुरावा बसच्या तोंडावर होता. जाळीच्या मधोमध इंग्रजी ‘टी’ अक्षर होतं.

त्या एका अक्षरात काय आहे? टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक आणि बसच्या चेसिस बनवायला सुरुवात केली. त्या गाड्यांवर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असे. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला आणि त्याच्या जागी ‘टी’ आला. म्हणजे तारा दिसला तर गाडी १९५४ ते १९६९ मधली, ‘टी’ दिसला तर त्यानंतरची. ‘पहिली एसटी’ निदान वीस-एकवीस वर्षांनी धाकटी निघाली.

इथे एक नियम लक्षात ठेवावा. नव्या सिनेमात जुनी गाडी असू शकते, पण जुन्या सिनेमात नवी गाडी असू शकत नाही. त्यामुळे गाडी आपल्याला एवढंच सांगते, की हे चित्रण अमुक सालाच्या आधीचं नाही. रंगावर भरवसा ठेवू नये. चित्रीकरणासाठी गाडी रंगवता येते, खोटी पाटी लावता येते. जाळी, बॉनेट, चाकांची ठेवण मात्र सहसा कोणी बदलत नाही.

यात जाणकारही फसतात. १९६३ च्या ‘समर हॉलिडे’ या इंग्रजी सिनेमात क्लिफ रिचर्ड लंडनची लाल डबलडेकर घेऊन युरोपभर फिरतो. ती ‘रूटमास्टर’ आहे असं आजही अनेकजण छातीठोक सांगतात. प्रत्यक्षात ती त्याआधीची ‘आरटी’ जातीची बस आहे.

नंबर प्लेटही बोलते. मुंबई राज्याच्या काळात मुंबईच्या गाड्यांची अक्षरं ‘बी-एम’ने सुरू होत, महाराष्ट्र झाल्यावर ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरं आली, आजचं ‘एमएच’ १९८९ पासूनचं. एसटीच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. बुलडाणा जिल्ह्याचा क्रमांक एमएच-२८, पण आमच्या स्टँडवर उभ्या एसटीवर तो सहसा दिसत नाही. तिथे १४, २० किंवा ४० असतो. कारण गाडीची बॉडी ज्या कार्यशाळेत बांधली जाते, तिथली नोंद तिला मिळते. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळची हिंगणा या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळा. म्हणून सिनेमातल्या एसटीचा क्रमांक पाहून गाव ओळखायला जाल तर चुकाल.

आता १९४८ कडे येऊ. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, ही गोष्ट खरी. पण ती मुंबई राज्याची एसटी. त्या दिवशी लोणार मुंबई राज्यात नव्हतंच. आम्ही मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होतो. दक्षिणेला थोडं गेलं की मंठा, तिथे निजामाचं राज्य. त्या राज्याने १९३२ मध्येच २७ गाड्यांनिशी सरकारी बस सुरू केली होती. तिच्या नंबरातलं ‘झेड’ हे अक्षर निजामाच्या आईच्या, जेहरा बेगमच्या नावावरून आलं, असं सांगतात. बुलडाणा जिल्हा मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ रोजी. विदर्भातली प्रॉव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट, मराठवाड्यातली सरकारी बस आणि मुंबईची एसटी एकत्र येऊन आजचं महामंडळ झालं ते १९६१ मध्ये. म्हणजे पुण्या-नगरचा इतिहास आम्ही आमचा म्हणून मिरवत होतो आणि आमचा स्वतःचा इतिहास आम्हाला माहीत नव्हता. मला त्या चित्रफितीपेक्षा हे जास्त टोचलं.

सिनेमाचं आणि बसचं नातं मात्र खोटं नाही. बदरुद्दीन काझी नावाचा तरुण मुंबईत बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर होता. प्रवाशांना हसवत तिकिटं फाडणाऱ्या या माणसाला बलराज साहनींनी हेरलं आणि गुरुदत्तकडे पाठवलं. ‘बाजी’ १९५१ चा. तो पुढे जॉनी वॉकर झाला. १९७२ च्या ‘बॉम्बे टू गोवा’मध्ये कंडक्टर मेहमूद आणि ड्रायव्हर त्याचाच भाऊ अन्वर अली. मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड बंगळुरात कंडक्टर होता, तो रजनीकांत झाला. २००४ च्या ‘नवरा माझा नवसाचा’मधली गणपतीपुळ्याची एसटी आणि तिचा कंडक्टर अशोक सराफ तर घराघरात पाठ आहेत.

‘छोटी सी बात’मधला अमोल पालेकर बेस्टच्या स्टॉपवर उभा राहतो, तेव्हा दिग्दर्शकाला एक प्रेमकथा सांगायची असते. त्या नादात सत्तरच्या दशकातली बेस्ट, तिची रांग, तिची पाटी आपोआप जपली गेली. मुंबईची शेवटची जुनी डिझेल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. आता ती बघायची तर सिनेमातच. मुंबईला हे नशीब मिळालं. लोणार, मेहकर, मंठा यांच्या वाट्याला कॅमेरा क्वचितच आला. आमच्या गाड्या भंगारात गेल्या आणि त्या चालवणारी, दुरुस्त करणारी माणसं कबरीत किंवा चितेवर गेली.

मी त्या बुजुर्गांना ‘टी’ची गोष्ट सांगितली. त्यांना वाईट वाटलं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, ‘मग मी कोणत्या गाडीत बसलो होतो?’ मी विचारलं, ‘चाचा, सुरू कशी करायचे ती?’ ते म्हणाले, ‘पुढून हँडल मारून. बॉनेट लांब होतं. आत लाकडी बाकं होती.’ मी वही काढली. त्या संध्याकाळी त्यांनी तासभर सांगितलं : कुठे थांबायची, पाणी कुठे भरायची, पावसाळ्यात कुठल्या नाल्याला अडायची. त्यातलं एक अक्षरही त्या चित्रफितीत नव्हतं.

तुमच्या घरात लग्नाचा, हजला निघालेल्या आजोबांचा किंवा जत्रेचा जुना फोटो असेल आणि मागे अर्धी बस दिसत असेल, तर तो कापू नका. मागे साल, गाव आणि कोण कोण आहे ते लिहून ठेवा. आणि ज्यांनी त्या गाडीतून प्रवास केला, त्यांना आजच विचारा.