कोर्लई : किल्ल्याच्या पायथ्याशी राहिलेले गाव

अलिबागेहून दक्षिणेस निघालेला रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांतून चौल व रेवदंडा गाठतो आणि तेथे खाडीपाशी येऊन थांबतो. कुंडलिका नदी ह्याच ठिकाणी समुद्रास मिळते. तिच्या मुखाशी, दक्षिण तीरावर, एक लांबट डोंगर उत्तरेकडे पाण्यात शिरला आहे. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास खाडी. डोंगराच्या कण्यावर किल्ला आणि त्याच्या मुळाशी कोर्लई गाव. पूर्वीच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातील हे गाव प्रवाशांस ठाऊक असते ते बहुधा किल्ल्यामुळे. आमच्या मते मात्र तेथील खरी पाहण्याजोगी, किंबहुना ऐकण्याजोगी, वस्तू किल्ल्यावर नाही. ती खाली, घरांच्या ओट्यांवर आहे. तरी किल्ल्याची हकीगत आधी सांगितल्यावाचून तिचे मोल कळणार नाही.

चौल हे फार जुने बंदर. अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात हिंदुस्थानात आला तो ह्याच बंदरात उतरला. पोर्तुगीज आल्यावर १५०८ साली ह्या पाण्यात मोठी आरमारी लढाई झाली. मिसर व गुजरात येथील जहाजांनी मिळून पोर्तुगीजांना गाठले आणि व्हाइसरॉयचा तरुण पुत्र दों लोरेंसु द आल्मैदा हा तीत ठार झाला. पुढे १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाची परवानगी मिळवून पोर्तुगीजांनी उत्तर तीरावर कोट बांधण्यास आरंभ केला. आजचे रेवदंडा ते हेच. १५७०-७१ मध्ये मूर्तझा निजामशहाने ह्या कोटास कित्येक महिने वेढा दिला, पण तो हाती आला नाही.

समोरचा कोर्लईचा डोंगर, ज्यास पोर्तुगीज ‘मोरो’ म्हणत, तो ह्या सर्व काळात बंदराची किल्ली होता. ज्याच्या तोफा डोंगरावर, त्याच्या मर्जीवाचून एकही जहाज आत शिरणे कठीण. बुऱ्हाण निजामशहाने हे ओळखून १५९४ साली डोंगर तटबंद केला व तेथून रेवदंड्यावर मारा सुरू केला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पोर्तुगीजांनी खाडी ओलांडून हल्ला चढविला आणि किल्ला घेतला. दरवाजात पडलेल्या जनावरांच्या धडांमुळे आतल्या लोकांस दार लावून घेता आले नाही, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, त्या दिवशी डोंगरावर फार माणसे मेली, एवढे निश्चित.

त्यानंतर सुमारे दीडशे वर्षे तेथे पोर्तुगीजांचे निशाण होते. बुरुजांस संतांची नावे पडली, वर ख्रिस्तमंदिर उभे राहिले, शिबंदी राहिली. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली, ती कथा आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. त्याच मोहिमेत चिमाजी आप्पांनी सुभानराव माणकर ह्यांस कोर्लईवर धाडले, आणि इंग्रजांच्या मध्यस्थीने झालेल्या १७४० च्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन झाली. पोर्तुगीज अंमलदार व सैनिक गलबतांत बसून गेले.

गेले ते गेले; पण सर्वच गेले नाहीत. इतिहासाची पुस्तके बहुधा येथे पान उलटतात. मागे राहिली ती गरीब माणसे: स्थानिक ख्रिस्ती कुटुंबे, शिबंदीच्या शिपायांची ह्या भूमीतल्या स्त्रियांस झालेली मुलेबाळे, चाकरीचे लोक. त्यांस गोव्यास जाण्याची ऐपत नव्हती व तेथे त्यांची वाट पाहणारेही कोणी नव्हते. ती डोंगराखाली राहिली व भाताची शेती करू लागली. शेजारी कोळी बांधव मासेमारी करीत, सभोवार सारा मुलूख मराठी बोलणारा व हिंदू. सोयरीक होणार ती आपल्यातच. पेशवाई संपली, इंग्रज आले, तरी खाडीपलीकडे जाण्यास होडीच. गाव आपल्या कोपऱ्यात राहिले आणि तेथे त्याने आपली बोली सांभाळली.

ह्या बोलीस ती बोलणारे लोक ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, असे म्हणतात. तिचे शब्दभांडार बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची बैठक पुष्कळशी आपली: क्रियापद शेवटी येते, जसे मराठीत. मराठी क्रियापद उसने घेताना ती त्यास शेवटी ‘उ’कार जोडून निराळ्या गणात बसविते, म्हणजे पाहुण्यास घरात घेतले, पण त्याची ओसरी वेगळी ठेवली. आपणही पाव, चावी, पगार, पाद्री हे शब्द पोर्तुगीजांकडून घेतलेच आहेत. आपण मूठभर घेतले, कोर्लईने सारी कोठी भरून घेतली, एवढाच फरक.

अशा मिश्र बोली एकेकाळी वसई, मुंबई, साष्टी येथील ख्रिस्ती लोकांतही चालत. गोव्याचे भाषापंडित धर्मगुरू सेबास्तियांव रॉदोल्फ दालगादो ह्यांनी १९०६ साली ह्या ‘उत्तरेकडील’ बोलीवर ग्रंथ लिहिला. आज त्या ठिकाणी ती ऐकू येत नाही. दमण व दीव येथे तिच्या बहिणी उरल्या आहेत, आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर एकटी कोर्लई. अमेरिकेतील विद्वान जे. क्लँसी क्लेमेंट्स ह्यांनी तेथे जाऊन अभ्यास केला व १९९६ साली तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. बोलणारे हजाराच्या आतबाहेर.

तलवारीने जे झाले नाही, ते आता शांतपणे होत आहे. गावच्या कार्मेल मातेच्या देवळाद्वारे पोर्तुगीजचा धागा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कसाबसा टिकला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) उपासना लोकांच्या भाषेत आणली आणि कोर्लईस ती मराठीत मिळाली. आम्हां मराठी ख्रिस्ती जनांस ह्या बदलाचा केवढा आनंद झाला, हे काय सांगावे! परंतु कोर्लईच्या आजीची ‘लोकांची भाषा’ मराठी नव्हे. आमच्या लाभाची तेथे थोडी किंमत द्यावी लागली, हे मान्य करण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. मुलांची शाळाही मराठीच. १९८६ च्या सुमारास खाडीवर साळावचा पूल झाला आणि एकांत संपला. त्या पुलाने दवाखाना, बाजार, नोकरी जवळ आणली, तेव्हा त्यास दोष देणारे आम्ही कोण? तरुण मंडळी बाहेर मराठी बोलतात, पोटासाठी इंग्रजी शिकतात. घरात काय बोलावयाचे, हे आता प्रत्येक आईबापास ठरवावे लागते. पूर्वी ते ठरवावेच लागत नसे.

आता किनाऱ्याविषयी. डोंगराच्या समुद्राकडील अंगास १९५५ सालचे दीपगृह आहे व तेथूनच वर चढता येते. एकामागून एक दरवाजे, ओबडधोबड तट, गंजलेल्या तोफा, पोर्तुगीज अक्षरांचे शिलालेख, एक लहानसे देवालय, आणि छप्पर नसलेले ते जुने ख्रिस्तमंदिर, ज्याच्या भिंतींमधून आता केवळ वारा येतो. माथ्यावरून पाहिले म्हणजे खाडीपलीकडे रेवदंड्याचा कोट व झाडीत बुडालेली चौल नजरेस पडते. १५९४ चा सारा कलह कशासाठी होता, हे तेथे उभे राहिल्यावर कोणाच्या सांगण्यावाचून कळते. खाली किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्या; मासळी सुकत घातलेली असली की तिचा वास दुरूनच येतो. शहरातील पाहुण्यांनी नाकास रुमाल लावू नये. तो त्या घरांच्या अन्नाचा वास आहे. जून-जुलै हे दोन महिने सरकारी नियमाने यांत्रिक मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेस कोळी बांधव समुद्रास नारळ वाहतात आणि पुन्हा पाण्यावर हालचाल दिसू लागते. आणखी दक्षिणेस गेले की काशीदची पांढरी पुळण लागते. ती सुंदर आहे, पण गर्दी फार.

आमच्या वाचकांपैकी जे तिकडे जातील त्यांनी किल्ल्याआधी गावात जावे. कार्मेल मातेपुढे दोन क्षण बसावे. ओट्यावर कोणी वृद्ध बाई नातवाशी बोलत असेल तर परवानगी घेऊन ऐकावे. छायाचित्रांसाठी त्यांस उभे करू नये. मग सकाळच्या उन्हात डोंगर चढावा, पाणी बरोबर न्यावे, आणि तटाच्या कडेने चालताना जपावे. दगड बरेच सैल झाले आहेत.