शॉपफ्लोअरवरून निघालेली पदवी

"इंजिनिअर झालास, मग एमबीए कशाला?" मुलाखतीला आलेल्या पोरांना हा प्रश्न मीही बऱ्याचदा विचारला आहे. उत्तरं क्लासमध्ये घोटवून घेतलेली असतात: नेतृत्वगुण, व्यापक दृष्टी, टीमवर्क. पगाराचं नाव कुणी काढत नाही. पण खोट नुसती उत्तरात नाही, प्रश्नातही आहे. व्यवस्थापन हा कॉमर्सवाल्यांचा वाडा आणि इंजिनिअर तिथे मागल्या दाराने शिरलेला, असं आपण धरून चालतो. मुळात तो वाडा इंजिनिअरांनीच बांधला.

1886 साली शिकागोला अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांची सभा भरली होती. तिथे हेन्री टाउन या कुलपांच्या कारखानदाराने निबंध वाचला. म्हणणं साधं होतं: यंत्र चालतं की नाही एवढं पाहून इंजिनिअरचं काम संपत नाही, काम कितीला पडतं हेही त्यानेच पाहायला हवं. त्याच संस्थेतला फ्रेडरिक टेलर मिडव्हेलच्या पोलाद कारखान्यात स्टॉपवॉच घेऊन उभा राहिला. कामाच्या वेळापत्रकाचा तक्ता ज्याच्या नावाने आजही ओळखला जातो, तो गँट त्याचाच सहकारी, तोही मेकॅनिकलच. फ्रान्समध्ये व्यवस्थापनाची तत्त्वं मांडणारा फेयोल खाणींचा इंजिनिअर. 1908 साली हार्वर्डने एमबीए सुरू केलं, तेव्हा तिथे व्याख्यानं द्यायला टेलरलाच बोलावणं गेलं. बॉस्टनच्या एमआयटीने तर 1914 मध्ये खास इंजिनिअरांसाठी कारभाराचा अभ्यासक्रम काढला. पुढे जनरल मोटर्स चालवणाऱ्या आल्फ्रेड स्लोनचं नाव तिथल्या मॅनेजमेंट स्कूलला मिळालं. हे स्लोनसाहेब एमआयटीचेच, 1895 चे इलेक्ट्रिकल इंजिनिअर.

हा अभ्यासक्रम नवा होता त्याच काळात आपले शंतनुराव किर्लोस्कर एमआयटीत मेकॅनिकल शिकत होते. 1926 ला पदवी घेऊन ते किर्लोस्करवाडीला परतले आणि नांगराच्या कारखान्यात जमाखर्चापासून विक्रीपर्यंत सगळ्यात पडले. वडील लक्ष्मणराव मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे. तिथली बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, तेव्हा ते नोकरी सोडून बेळगावला सायकलींच्या दुकानात आले. ट्रक बनवणाऱ्या टेल्कोचे सुमंत मुळगावकर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे इंजिनिअर. त्याही आधी, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून 1883 मध्ये बाहेर पडलेले विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण झाले. यांतल्या कुणाला एमबीए लागलं नाही. लागलं ते त्यांच्या हाताखालच्या माणसांना.

कारखाने मोठे झाले, मालक आणि मशीन यांच्यामध्ये चार-पाच पायऱ्या तयार झाल्या, आणि त्या पायऱ्यांवर बसायला माणसं हवी होती. 1961 मध्ये कलकत्ता आणि अहमदाबादला आयआयएम निघाल्या. पहिलीला एमआयटीची साथ होती, दुसरीला हार्वर्डची. 1965 मध्ये मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या मदतीने जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट काढली, 1978 मध्ये पुण्यात सिंबायोसिसने मॅनेजमेंटचे वर्ग सुरू केले.

मी सांगलीच्या वालचंदमधून मेकॅनिकल करून भोसरीच्या एका कारखान्यात गिअर कापण्याच्या विभागात लागलो. जुनी हॉबिंग मशीन थकली होती. रिजेक्शन किती, मेंटेनन्स किती, मशीन बंद किती वेळ, सगळं कागदावर मांडून मी नवी मशीन मागितली. अकाउंट्सच्या साहेबांनी कागद उलटासुद्धा केला नाही.

"पेबॅक किती?"

"साहेब, मशीन जर्मन आहे, अचूकता..."

"असेल हो. पैसे कधी सुटतात ते सांगा."

त्यांना हॉब म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, मला डेप्रिसिएशन नीट ठाऊक नव्हतं. पण सही त्यांची होती. माझ्या पिढीतल्या बहुतेकांचं व्यवस्थापन शिकण्याचं कारण हेच. फर्स्ट शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसने पुणं गाठायचं आणि संध्याकाळच्या डीबीएमच्या, म्हणजे व्यवस्थापनाच्या पदविकेच्या, वर्गात जाऊन बसायचं. बाकांवर सगळे आमच्यासारखेच: प्रॉडक्शनवाले, स्टोअर्सवाले, टाइम ऑफिसमधले. कॉस्टिंग शिकवायला एक चार्टर्ड अकाउंटंट यायचे. ओव्हरहेड एकेका जॉबवर कसे चढतात हे त्यांनी फळ्यावर मांडलं, तेव्हा दिवसभर ज्या शॉपमध्ये मी उभा असायचो, ते शॉप मला पहिल्यांदा पैशांत दिसलं. कामगार कायदाही उपयोगी पडला. अमेरिकन पुस्तकांतले त्रिकोण-चौकोन मात्र परीक्षेपुरते. कामगाराला कशाने हुरूप येतो हे त्या पुस्तकांतून कळत नाही. टाइम-स्टडीवाला घड्याळ घेऊन मागे उभा राहिला की ऑपरेटरचा हात कसा आपोआप सावकाश होतो, हे आम्ही रोज पाहत होतो.

पुढे कारण बदललं. 1983 मध्ये महाराष्ट्रात वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्यामुळे गावोगावची पोरं शिकली, याबद्दल दादांना नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण बीई झालेल्यांची संख्या वाढली आणि नुसत्या बीईची किंमत उतरली. 1991 नंतर बँका आणि सल्लागार कंपन्या मॅनेजमेंटच्या कॅम्पसवर मोठे पगार घेऊन आल्या. आयआयएमच्या प्रवेशपरीक्षेतला, कॅटमधला, गणिताचा भाग इंजिनिअरांना सोपा जायचा, तेव्हा वर्ग त्यांनीच भरले. इतके, की पुढे काही आयआयएमना इतर शाखांच्या मुलांना जादा गुण द्यावे लागले. अमेरिकेतल्या नावाजलेल्या शाळा आधी काही वर्षांची नोकरी बघतात. आपण मात्र बावीस वर्षांच्या पोराला, ज्याने एकही मशीन बंद पडलेली पाहिली नाही, थेट व्यवस्थापक करायला घेतलं. त्याच्याकडे खरं कारण असणार तरी कुठून? आमचा अडलेला कागद त्याच्या हातात कधी नव्हताच. पगारासाठी जाणं गैर नाही, पण ते तोंडाने सांगावं. मी तरी त्या उत्तरावर कुणाचे गुण कापले नाहीत.

टाउनचा हट्ट ज्या संस्थेत आपल्याकडे नीट उतरला होता, ती म्हणजे पवईची नीटी. 1963 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीने भारत सरकारने ती काढली, ती औद्योगिक अभियांत्रिकीसाठीच. कारखान्यातली अनुभवी माणसं तिथे प्रशिक्षणाला जायची आणि परत येऊन शिकलेलं त्याच शॉपमध्ये कामाला लावायची. 2023 मध्ये तिचं आयआयएम मुंबई झालं.