हुतात्मा चौक : वाहतुकीचे बेट ते पादचाऱ्यांचा अवकाश

मुंबईतील चौकांचा इतिहास बहुधा रस्तारुंदी आणि वाहनांची गती यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. फोर्ट विभागातील हुतात्मा चौकाच्या बाबतीत ही चौकट अपुरी पडते.

गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत १८६२ पासून किल्ल्याची तटबंदी पाडण्यास प्रारंभ झाला. चर्चगेट या नावाचा दरवाजा जेथे होता, त्या परिसरात १८६४ मध्ये पोर्टलंड दगडाचे कारंजे उभारले गेले. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, तर शिल्पकाम जेम्स फोर्सिथ यांचे. फ्लोरा ही रोमन पुष्पदेवता मूळ योजनेनुसार भायखळ्याच्या व्हिक्टोरिया उद्यानात विराजमान व्हायची होती. ती रहदारीच्या मध्यावर आली. १८७४ मध्ये शहरात घोड्यांच्या आणि १९०७ मध्ये विजेच्या ट्राम सुरू झाल्या. कारंज्याभोवतीचा परिसर हळूहळू वळणाची जागा बनला.

२१ नोव्हेंबर १९५५ या दिवसाने चौकाला निराळा अर्थ दिला. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी विधिमंडळाकडे निघालेला मोर्चा येथे अडविण्यात आला. पोलिसांच्या गोळीबारात १५ जण मृत्युमुखी पडले. जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत पुन्हा रक्तपात झाला. राज्यस्थापनेनंतर चौकाचे नामांतर झाले व मशाल धरलेल्या कामगार-शेतकऱ्याचे शिल्प उभे राहिले. पायी चालणाऱ्या जनसमुदायाने ज्या भूमीवर आपला हक्क मांडला, तेथील स्मारक पुढील दशकांत वाहनांच्या प्रवाहाने वेढले जावे, हा विरोधाभास केवळ नगररचनेचा म्हणता येणार नाही. अभिवादनाचे दिवस वगळता सामान्य माणसाला तेथे थांबण्यास फारसे कारण उरले नव्हते.

३१ मार्च १९६४ रोजी ट्राम बंद झाली, परंतु तिचे रूळ डांबराखाली राहिले. कारंज्याच्या जीर्णोद्धाराच्या काळात, २०१७ मध्ये, खोदकाम करताना ते उघडे पडले. वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या मार्गदर्शनाखालील या कामात पूर्वी फासलेल्या रंगाचे थर काढून मूळ दगड दृश्यमान करण्यात आला, आतील जलवाहिन्यांची दुरुस्ती झाली, आणि जानेवारी २०१९ मध्ये पाणी पुन्हा वाहू लागले. कारंज्याभोवतीची फरसबंद जागाही पादचाऱ्यांसाठी मोकळी झाली. जागेच्या मानाने हा बदल लहानच. परंतु शिल्प चालत्या गाडीतून पाहणे आणि त्याच्याजवळ उभे राहून पाहणे यांत मोठे अंतर आहे.

उपनगरांत चित्र वेगळे दिसते. फोर्टातील इमारतींसाठी ज्या मालाडचा पिवळसर दगड वापरला गेला, त्याच्याच पूर्वेकडील दिंडोशी परिसराला पश्चिम द्रुतगती महामार्ग छेदून जातो. २ एप्रिल २०२२ रोजी सुरू झालेले मेट्रो ७ चे दिंडोशी स्थानक या महामार्गावर उंच उभे आहे. फोर्टात पादचाऱ्यासाठी जमिनीवर जागा काढली गेली. येथे मात्र त्याला जिना चढून वाहनांच्या वरून पलीकडे जावे लागते.