जमिनीचे कायदे आणि पुण्याची गाडी

१९३० सालच्या जून महिन्यांत 'दख्खनची राणी' पुणें-मुंबई मार्गावर धावूं लागली, तेव्हां ती शनिवार-रविवारची हौशी गाडी होती. पुढें ती नोकरदारांची नित्याची झाली, ह्यांत मुंबईच्या जमीनजुमल्याच्या कायद्यांचा वांटा थोडाथोडका नव्हता. १९४७ च्या कायद्यानें भाडीं १९४० च्या पातळीवर गोठलीं. भाड्यासाठीं चाळी बांधणें मालकांस परवडेना. १९७६ च्या कायद्यान्वयें ५०० चौरस मीटरांहून अधिक मोकळी जमीन सरकारनें घ्यावयाची होती. हेतु गरिबाच्या घराचा. पण सवलती आणि कोर्टकज्जे ह्यांत पुष्कळशी जमीन पडूनच राहिली, आणि घर मध्यमवर्गीयांच्याहि आवांक्याबाहेर गेलें! महाराष्ट्रानें २००७ सालीं तो कायदा सोडला. तोंवर कित्येकांनीं पुण्यांतील बिऱ्हाड हलविलें नाहीं. सकाळीं १९२ किलोमीटर जाणें आणि रात्रीं तितकेंच परतणें त्यांच्या अंगवळणीं पडलें होतें.