बोलता येत नसेल तर? ९११ च्या मेसेजची गोष्ट

आज एका प्रश्नाने सुरुवात करू. घरात कोणीतरी शिरलंय, तुम्ही कपाटामागे लपलाय, हातात फोन आहे. पोलिसांना कॉल कराल? बोललात की सापडलात. मग मेसेज टाकाल, बरोबर? अमेरिकेत ९११ ला असा मेसेज पोचायला २००९ साल उजाडावं लागलं, आणि तोही एकाच काउंटीत.

९११ वर पहिला कॉल लागला १६ फेब्रुवारी १९६८ ला, अलाबामातल्या हेलीव्हिल या छोट्या गावात. नंबर लक्षात ठेवायला सोपा. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती: फोन करणाऱ्याला बोलता येतं आणि ऐकू येतं.

ज्यांना ऐकू येत नाही, त्यांचं काय? रॉबर्ट वाइटब्रेक्ट या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने १९६४ मध्येच टेलिप्रिंटर साध्या फोनला जोडायची युक्ती काढली होती. इकडे टाइप करायचं, तिकडे कागदावर उमटायचं. हेच ते टीटीवाय मशीन. १९९० मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला आणि ९११ केंद्रांना टीटीवायचे कॉल थेट घेणं बंधनकारक झालं.

मग आला मोबाइल. ३ डिसेंबर १९९२ ला ब्रिटनमध्ये पहिला एसएमएस गेला. पुढे कर्णबधिर लोकांनी मशीन सोडून खिशातला फोन जवळ केला. जगाशी बोलणं सोपं झालं. फक्त ९११ ला त्यांचं म्हणणं पोचेना!

कारण काय? कॉल केला की टॉवरवरून तुमचा भाग कळतो आणि कॉल तिथल्याच केंद्रात जातो. एसएमएस मात्र आधी कंपनीच्या यंत्रणेत थांबतो, मग पुढे सरकतो. त्यात तुमचं ठिकाण नसतं आणि तो वेळेत पोचेल याची खात्रीही नसते. त्यात हजारो स्थानिक केंद्रं, सगळी आवाजासाठी बांधलेली.

१६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गोळीबार झाला. ३२ जणांचा जीव गेला. तिथल्या काही विद्यार्थ्यांनी ९११ ला मेसेज केले होते, ते पोचलेच नाहीत, असं अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने नंतर सांगितलं.

२००९ मध्ये आयोवा राज्यातल्या ब्लॅक हॉक काउंटीने सुरुवात केली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ९९९ साठी नाव नोंदवून मेसेज करायची चाचणी सुरू झाली. २०१३ मध्ये आयोगाचा नियम आला: जिथे सोय नाही, तिथे कंपनीने 'मेसेज पोचला नाही, कॉल करा' असं उत्तर लगेच पाठवायचं. गैरसमजात वाट बघण्यापेक्षा हे बरं. २०१४ मध्ये चार मोठ्या कंपन्यांनी सेवा दिली. केंद्राने मागणी केली की मेसेज पोचवायचाच, हा नियमही त्याच वर्षी सगळ्या कंपन्यांना लागू झाला.

तरी आजही तिथला सल्ला हाच: जमलं तर कॉल करा, नाहीच जमलं तर मेसेज. आणि मेसेजमध्ये सगळ्यात आधी पत्ता लिहा.

हा दरवाजा कर्णबधिर लोक कित्येक वर्षं ठोठावत होते. तो उघडला, तेव्हा बाथरूममध्ये दबा धरून बसलेल्या, श्वासही जपून घेणाऱ्या माणसालाही आत येता आलं.

आपल्याकडे ११२ आहे, त्याचं ॲपही आहे. एपिसोड संपला की दोन मिनिटं काढून ते बघून ठेवा. भेटू पुढच्या भागात!