खाडीपाशी थांबलेला महामार्ग

आपण बीडकर समुद्रापासून लांब. पण रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची गोष्ट आपल्याला लगेच कळेल.

1980 ला बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री झाले. स्वतः कोकणातले, आंबेतचे. किनाऱ्याकिनाऱ्यानं गावं जोडणारा हा रस्ता त्यांचीच कल्पना म्हणून ओळखला जातो. कोकणात खाडीपलीकडचं गाव डोळ्यासमोर दिसतं, पण गाडीनं जायचं तर मोठा वळसा. रस्ता तुकड्यातुकड्यानं झाला. आरे-वारेचा पट्टा तर बघत राहावा असा! पण बाणकोट, दाभोळ, जयगड या मोठ्या खाड्यांवरचे पूल चाळीस वर्षं रखडले. आता रस्ते विकास महामंडळानं ते हाती घेतलेत.

मी दाभोळला गाडी फेरीबोटीत घातली अन् पलीकडं धोपाव्याला उतरलो. पोरं खूश. माझ्या मनात आलं, रात्री इथं कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर? फेरी थांबली की महामार्गही थांबला.

आपल्या अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वेचं दुसरं काय झालं? 261 किलोमीटरचा मार्ग, अन् मंजुरीनंतर बीडला गाडी यायला तीसेक वर्षं लागली. 17 सप्टेंबर 2025 ला ती आली तेव्हा आपण गुलाल उधळला, बरोबरच होतं. पण त्या दिवशीही परळीपर्यंतचा तुकडा बाकीच होता.

किती झालं हे पुढारी सांगतातच. माणूस अडतो तो राहिलेल्या तुकड्यापाशी. तेवढं विचारत राहू, काय म्हणता?